पहिली चिमूट : मुलांपर्यंत तंबाखू पोचते कशी आणि अडवायची कुठे

तंबाखूविरोधी दिन आला की शाळेच्या भिंतीवर एक ठरलेलं चित्र लागतं. जळती सिगारेट, तिच्यावर लाल फुली आणि खाली कवटी. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत हे चित्र नेम चुकलेलं आहे. 2016-17 च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 15 वर्षांवरचे 26.6 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे फक्त 3.8 टक्के होते, तर चघळणारे, गालात धरणारे किंवा दातांना लावणारे 24.4 टक्के. काहीजण दोन्ही करतात. म्हणजे इथल्या मुलाला तंबाखू धुरातून भेटण्याआधी आजोबांच्या तळहातावर, आजीच्या मिश्रीच्या डबीत आणि काकाच्या खिशातल्या पुडीत भेटते.

दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करणारा आहे. 2019 च्या देशव्यापी शालेय सर्वेक्षणात 13 ते 15 वयाचे 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखू घेत होते. मुलगे 9.6 टक्के आणि मुली 7.4 टक्के. मुलींचा आकडा वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण मिश्री डोळ्यांसमोर आणली की ते ओसरतं. चघळायची तंबाखू कधी ना कधी घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी 52 टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच चाखली होती. बिडीसाठी हे प्रमाण 47 टक्के आणि सिगारेटसाठी 38 टक्के. आपण मात्र पहिलं व्याख्यान आठवी-नववीत ठेवतो. चौथीच्या वर्गात जे सांगायला हवं होतं ते आठवीत सांगून काय उपयोग?

तळहातावर काय घडतं

तंबाखू मळणाऱ्या माणसाचा हात जवळून पाहा. डाव्या तळव्यावर चिमूटभर चुरा, त्यावर नखाच्या टोकाने चुना. मग उजव्या अंगठ्याने दोन-तीन मिनिटं मळणं, दोन-चार टाळ्या, वरची भुकटी फुंकून उडवणं आणि उरलेला बार खालच्या ओठाच्या मागे. बघणाऱ्या मुलाला यात हाताचं कौशल्य दिसतं. रसायनशास्त्र त्याला दिसत नाही, आणि ते तर चुन्यात आहे.

तंबाखूच्या पानातलं निकोटीन बरंचसं आम्लाशी बांधलेलं असतं. त्या रूपात ते तोंडाच्या नाजूक अस्तरातून सहज पार होत नाही. चुना अल्कधर्मी असतो. तो मिसळला की निकोटीन सुटं होतं आणि अस्तरातून भराभर रक्तात शिरतं. चुन्याशिवाय तंबाखूला ‘किक बसत नाही’ असं खाणारे म्हणतात ते याचमुळे. चुना अस्तर भाजूनही काढतो, त्यामुळे वाट आणखी मोकळी होते. सिगारेटचं निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. गालातलं हळू चढतं, पण बार असेपर्यंत आणि नंतरही रक्तातली पातळी टिकून राहते. ‘ओढत नाही, नुसती खातो’ याला सौम्य सवय समजणं म्हणून चुकीचं आहे.

पहिल्यांदा खाल्ल्यावर मुलाला घेरी येते, तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं, कधी उलटी होते. ही निकोटीनची सौम्य विषबाधा असते. मोठी मुलं हसतात, त्याला ‘झेपली नाही’ म्हणतात. मग मुलगा पुढच्या वेळी कमी घेतो आणि शरीर सरावतं. पौगंडावस्थेतल्या मेंदूत ही सरावण्याची क्रिया फार लवकर होते. रोज खायला लागण्याआधीच, म्हणजे आठवड्यातून दोन-चारदा घेणाऱ्या मुलातही तलफ, चिडचिड, ‘आता हवीच’ असं वाटणं दिसू शकतं. मेंदूचा मोह आवरणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. पंधराव्या वर्षी निकोटीनची सवय लागलेल्या मुलाला ‘मनावर ताबा ठेव’ म्हणणं सोपं आहे, पण जिथून तो ताबा यायचा तो भागच अजून कच्चा आहे.

कर्करोग करणारी द्रव्यं पान वाळवताना आणि मुरवताना तयार होतात. त्यामुळे ‘शुद्ध देशी’, ‘बिनवासाची’, ‘घरची’ या विशेषणांनी काही फरक पडत नाही.

सुपारीचं वेगळं सांगायला हवं

‘तंबाखू नाही हो, नुसती सुपारी’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेल्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. मुलांच्या बाबतीत त्याआधीचं नुकसान जास्त महत्त्वाचं आहे. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात आणि गाल आतून पट्ट्यासारखा ताठ होतो. सुरुवातीला तिखट लागलं की आग होते. मग अस्तर फिकट पडतं, आणि पुढे तोंड पुरतं उघडेनासं होतं. हा बदल पूर्ण मागे फिरत नाही. उपचारांनी थोडं तोंड उघडता येतं, पण ताठ झालेला गाल पहिल्यासारखा होत नाही.

घरी करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. मुलाने आपल्याच हाताची तीन मधली बोटं एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायची. तीन बोटं आरामात गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायचं, आणि ‘परीक्षा झाल्यावर’ असं म्हणायचं नाही.

विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना जाड पन्नीत घालून फळीवर घासून खर्रा घोटतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात साधारण त्याच जातीचा मावा मिळतो. दोन्हींत सुपारी आणि तंबाखू एकत्र येतात, म्हणजे तोंड आखडणं आणि निकोटीनची सवय ही दोन्ही संकटं एकाच पुडीत. लग्नाच्या पंगतीनंतर तबकात फिरणारी रंगीत गोड सुपारी या रस्त्याची पहिली पायरी आहे. पाच वर्षांच्या मुलाला ती ‘खाऊ’ म्हणून देतात. तबकात बडीशेप, धनाडाळ, ओवा ठेवला तर कुणाचाही मान कमी होत नाही.

घर : ‘जा रे, एक पुडी घेऊन ये’

मूल तंबाखूला हात लावतं ते बहुतेक वेळा मोठ्यांच्या कामासाठी. पुडी आणणं, चुन्याची डबी शोधून देणं, आजोबांच्या बोटांना जमत नाही म्हणून मळून देणं. या कामांतून मुलाला टपरीवाला ओळखू लागतो, भाव कळतो, हातात माल येतो आणि उरलेले सुटे पैसेही. घरात कुणी सोडो वा न सोडो, एक नियम मात्र आजपासून करता येतो. आपली तंबाखू आपण आणायची, मुलाच्या हातून आणवायची नाही. डबी मुलाच्या हाताला येणार नाही अशा जागी ठेवायची आणि खायची ती मुलांसमोर नाही. ‘मी खातो तर मुलाला कुठल्या तोंडाने सांगू?’ असं अनेक वडील म्हणतात. खरं तर ज्याला सवय जडली आहे त्याचं सांगणं मुलाला जास्त पटतं, फक्त त्याने खरं बोलायला हवं. ‘मला सुटत नाही, म्हणून तुला सांगतोय’ असं म्हणणारा बाप खोटारडा ठरत नाही.

मिश्री ही घरातली सगळ्यात दुर्लक्षित वाट. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड बोटाने दातांवर घासतात आणि बराच वेळ तोंडात राहू देतात. मुलींना ती आजी किंवा आईकडून मिळते, तीही बहुधा ‘दाढ दुखते ना, लाव थोडी’ अशा मायेने. निकोटीनमुळे क्षणभर बरं वाटतं, कीड मात्र आतल्या आत पोखरत राहते. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्याला ती कशी पोचणार? ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हाही पक्का समज आहे. त्यात अर्धं तथ्य आहे. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, आणि रोजच्या सवयीने आतडी त्या ढकलीची वाट पाहू लागतात. उठल्यावर कोमट पाणी, जेवणात भाजी आणि ठरलेल्या वेळी शौचाला बसणं, याने दोन-तीन आठवड्यांत शरीर पुन्हा वळणावर येतं. दाढ दुखत असेल तर दातांचा दवाखाना गाठायचा. मुलीला मिश्रीपासून सोडवायचं तर तिच्या दाताची कीड भरणं हाच कामाचा भाग असतो. नुसता उपदेश केला तर दाढ परत ठणकते आणि डबी परत उघडते.

टपरी : 91 मीटर 44 सेंटिमीटर

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, कलम 6 दोन गोष्टी सांगतं. 18 वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, आणि कुठल्याही शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या आत कुणालाच विकायचे नाहीत. दुकानात किमान 60 बाय 30 सेंटिमीटरची पाटी हवी. गिऱ्हाईक अठराच्या आतलं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. म्हणजे ‘वडिलांसाठी नेतोय म्हणाला’ ही सबब चालत नाही. अठराच्या आतल्या मुलाला गल्ल्यावर बसवून विकायला लावणंही नियमबाह्य आहे, आणि माल मुलांच्या हाताला येईल असा मांडणंही.

100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर. मोजण्यात बहुतेक शाळा तीन चुका करतात. पहिली म्हणजे फाटकापासून मोजणं. नियमाप्रमाणे अंतर आवाराच्या बाहेरच्या हद्दीपासून, कुंपण किंवा भिंत जिथे संपते तिथून, सगळ्या बाजूंनी धरायचं असतं. मागच्या भिंतीला लागून असलेली टपरी फाटकापासून दीडशे मीटर असली तरी हद्दीपासून चारच मीटर असते. दुसरी चूक म्हणजे रस्त्याच्या वळणावळणाने मोजणं. अंतर सरळ रेषेत धरायचं. तिसरी चूक रंगाची. खडूने किंवा साध्या पाणरंगाने आखलेली पिवळी रेघ मृगाच्या पहिल्या सरीत वाहून जाते. रस्त्यावर मारायचा टिकाऊ रंग वापरायचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्हे तर पावसाळा उतरल्यावर आखायची.

हे काम सातवी-आठवीच्या भूमितीच्या तासाला देता येतं. 30 मीटरची फीत घ्यायची आणि तीन वेळा लावून वर 1.44 मीटर. फीत नसेल तर मोठ्या माणसाचं एक पाऊल सरासरी 75 सेंटिमीटर धरून साधारण 122 पावलं. पावलांचा अंदाज तक्रारीत लिहायचा नाही, फक्त कुठली दुकानं संशयाच्या टप्प्यात येतात ते पाहायला वापरायचा. आयताकृती आवाराभोवती ही रेषा कोपऱ्यांवर गोलाई घेते. ती तशी का, हे मुलांनी कंपासने कागदावर काढून पाहिलं की हा तास त्यांच्या डोक्यात पक्का बसतो. मोजायला मुलं चालतील, टपरीवाल्याशी बोलायला नाहीत. ते काम मुख्याध्यापकांचं आणि शाळा व्यवस्थापन समितीचं. मुलांना ‘छापे’ घालायला पाठवणारी शाळा त्यांना उगाच धोक्यात घालते.

आता तक्रार कुठे करायची? इथे पदार्थाप्रमाणे दार बदलतं, आणि बहुतेक अर्ज चुकीच्या दारावर पडून राहतात. गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा यांवर महाराष्ट्रात अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदी आहे. ती 2012 साली सुरू झाली, आणि आदेश दरवर्षी नव्याने काढला जातो. त्यामुळे इथे 100 यार्डांचा प्रश्नच नाही. दुकान शाळेपासून पाच किलोमीटरवर असलं तरी विक्री बेकायदा. ही तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री 1800-222-365. साधी तंबाखू, बिडी, सिगारेट यांची प्रौढांना विक्री कायदेशीर आहे. तिथे अंतर आणि वय हेच मुद्दे आणि तक्रार पोलीस ठाण्यात. सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यावर राज्याने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातली. त्यामागचं कारण मुलांशी जोडलेलं आहे. पूर्ण पाकीट मुलाला परवडत नाही, एक कांडी परवडते. शिवाय सुट्या कांडीवर इशाऱ्याचं चित्र नसतं.

अर्जात तारीख, वेळ, दुकानाची नेमकी जागा, हद्दीपासून मोजलेलं अंतर आणि विकला जाणारा पदार्थ लिहायचा. फोटोत मुलांचे चेहरे येऊ द्यायचे नाहीत. पोच घ्यायची. पण कोटपाच्या कलम 6 चा दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, आणि तेवढ्याने टपरी हलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. खरा जोर दोन ठिकाणी असतो. टपरी ज्या जागेवर उभी आहे ती जागा ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची असते. परवाना देताना ‘तंबाखूजन्य पदार्थ ठेवणार नाही’ अशी अट घालणं आणि ग्रामसभेत ठराव करणं हे त्या गावाच्या हातात आहे. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या मोहिमेने दारू आणि तंबाखूविरोधात गावोगाव चालवलेलं काम याच वाटेने, गावाच्या निर्णयावर उभं आहे. दुसरा जोर बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 चा. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टपरीवाल्याला भेटायला जाताना हे कलम छापून न्यावं आणि आवाज न चढवता वाचून दाखवावं. त्याच्या पोटाचाही प्रश्न असतो. वह्या, पेन, बिस्किटं, लिंबू सरबत यांवर दुकान चालेल का, हे त्याच्याबरोबर बसून पाहणाऱ्या शाळेचं काम लवकर होतं.

ई-सिगारेट शहरांतल्या कॉलेजांभोवती आहे. ती पेनासारखी किंवा पेनड्राइव्हसारखी दिसते आणि फळाचा वास येतो. तिच्यावर 2019 पासून देशभर पूर्ण बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘तिच्यात नुसती वाफ असते’ हा समज मुलांपेक्षा पालकांत जास्त आहे. बहुतेकींत निकोटीन असतं, कधी सिगारेटपेक्षाही जास्त.

वर्गात काय चालतं, काय नाही

भयंकर चित्रं दाखवून मुलं थांबतात, असा आपला मोठा समज आहे. चौदा वर्षांच्या मुलाला पन्नाशीतला कर्करोग म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटते. रोज तंबाखू खाणारे आणि धडधाकट दिसणारे दहाजण त्याला गावात दिसतात, आणि आपलं चित्र त्यांच्यापुढे हरतं. या वयाला भिडतात त्या आजच्या गोष्टी. तोंडाला येणारा वास, दातांच्या मुळाशी बसणारे तपकिरी डाग, ओढणाऱ्याला कबड्डीत तिसऱ्या चढाईलाच लागणारी धाप, आणि पैसे. रोजचे 20 रुपये धरले तर वर्षाचे 7,300 होतात. हा हिशेब मुलांनीच फळ्यावर मांडावा आणि त्यात काय आलं असतं तेही त्यांनीच सांगावं.

‘सगळेच खातात’ हा दुसरा गैरसमज. यासाठी एक चिठ्ठीचा खेळ आहे. कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या, नाव लिहायचं नाही. प्रश्न दोनच. आपल्या वर्गात शंभरात किती मुलं तंबाखू किंवा सुपारी खात असतील असं तुला वाटतं? आणि गेल्या महिन्यात तू खाल्लीस का? चिठ्ठ्या डब्यात गोळा करून बेरीज फळ्यावर मांडायची. अंदाजाचा आकडा खऱ्यापेक्षा जवळपास नेहमीच मोठा निघतो आणि वर्गात चुळबुळ सुरू होते. न खाणारा आपण एकटाच नाही, हे मुलाला तेव्हा आकड्यात दिसतं. एक खबरदारी घ्यायची. वीसपेक्षा लहान वर्गात हा खेळ करायचा नाही, कारण चिठ्ठी कुणाची ते ओळखू येतं. आणि अक्षर ओळखायचा प्रयत्न शिक्षकाने केला, तर पुढच्या वेळी एकही खरी चिठ्ठी मिळणार नाही.

नकार देणं हा सरावाचा विषय आहे. दोन मुलं पुढे येतात, एक आग्रह करतो, दुसरा टाळतो. आग्रहाची वाक्यं मुलंच सांगतात: ‘एकदा खाऊन तर बघ’, ‘घाबरलास काय’, ‘आम्ही काय मेलो का’. उत्तर लहान हवं. ‘नको, मला चालत नाही.’ लगेच विषय बदलायचा आणि पाय हलवायचे. लांबलचक कारणं दिली की वाद सुरू होतो, आणि वादात मोठी मुलं जिंकतात. प्रत्येक मुलाने हे वाक्य तीन-चारदा मोठ्याने म्हणायला हवं. नुसतं ऐकलेलं वाक्य ऐन वेळी आठवत नाही.

हे सगळं एकत्र केलं तर फरक पडतो का? 2004 ते 2006 या काळात दिल्ली आणि चेन्नईतल्या 32 शाळांत ‘मायत्री’ नावाचा अभ्यास झाला. निम्म्या शाळांत सहावी आणि आठवीपासून दोन वर्षं वर्गातले खेळ, भित्तिपत्रकं, पालकांना पत्रं आणि मुलांनीच चालवलेले उपक्रम झाले. उरलेल्या शाळांत तंबाखूचा वापर 68 टक्क्यांनी वाढला, या शाळांत 17 टक्क्यांनी घटला. त्यातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे ‘दोन वर्षं’. तंबाखूविरोधी दिनाच्या, म्हणजे 31 मेच्या एका प्रभातफेरीने असं काही होत नाही. शिवाय आपल्याकडे 31 मेला शाळेला सुट्टी असते!

आणि शिक्षकांचा खिसा. विद्यार्थ्यांना तो पुडीसकट दिसतो. तंबाखूमुक्त शाळेच्या राष्ट्रीय निकषांत आवारात तंबाखू वापराची खूणही दिसता कामा नये असं आहे, म्हणजे थुंकीचे डाग आणि रिकाम्या पुड्यासुद्धा. जिन्याचा कोपरा आणि स्वच्छतागृहामागची भिंत दर सोमवारी पाहिली की शाळेत काय चाललंय ते कळतं.

मुलाने खाल्लेली कळली, तर

खुणा साध्या असतात. अंगठ्याच्या नखात अडकलेला पांढरा चुना, कंपासपेटीच्या तळाशी पुडी, खिशाच्या शिवणीत तपकिरी चुरा, खिडकीतून वारंवार थुंकणं, एकाएकी तिखट नको होणं, सुटे पैसे कमी पडणं. यातली एकच खूण दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये.

पहिलं बोलणं चौकशीसारखं झालं की मूल कायमचं गप्प होतं. चार भिंतीत, भावंडांसमोर नाही, शांतपणे विचारायचं: कधीपासून, दिवसातून किती वेळा, सकाळी उठल्यावर पहिली कधी? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय घट्ट झालेली असते, आणि तिथे मदत लागतेच. शाळेतून काढून टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. मुलाला दिवसभर टपरीसमोर मोकळं सोडण्याची ती व्यवस्था आहे.

सोडायची तारीख आठवड्याच्या आतली ठरवावी, परीक्षेच्या किंवा लग्नघाईच्या दिवसांतली नको. त्याआधी चार दिवस मुलाने वहीत लिहायचं: वेळ, जागा, कोण बरोबर होतं. बहुतेक वह्यांत दोन-तीन ठिकाणंच पुन्हा पुन्हा येतात. मधल्या सुट्टीतला एक मित्र, क्लासहून येतानाचा एक रस्ता. तो रस्ता बदलला की निम्मं काम होतं. ठरल्या दिवशी घरातल्या सगळ्या पुड्या, डब्या बाहेर. वडिलांच्याही.

पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, झोप न लागणं, डोकं दुखणं, अभ्यासात लक्ष न लागणं. घरच्यांनी याला उद्धटपणा समजू नये. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. ती येईल तेव्हा दहा मिनिटं पुढे ढकलायची, घोट-घोट पाणी प्यायचं, सावकाश श्वास घ्यायचे, हात कशात तरी गुंतवायचे. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, वाळवलेला आवळा, भाजलेले चणे. सुपारी नाही. तंबाखू सोडली आणि सुपारी धरली, अशी अदलाबदल फार होते, आणि गाल आखडणं चालूच राहतं. निकोटीनचे च्युइंगम दुकानात मिळतात म्हणून मुलाला स्वतःहून देऊ नयेत. अठराखाली ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन 1800-112-356, फोन मोफत. तिचं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आहे. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण तो वाचायची तसदी कोण घेतो? मोबाइलवरून संदेशांची मदत हवी असेल तर 011-22901701 वर मिस्ड कॉल. जिल्हा रुग्णालयात तंबाखू मुक्ती केंद्र असतं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर फोनवर थांबायचं नाही. दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यायचं.

मूल मध्येच एकदा खाईल. बहुतेकजण खातात. त्या दिवशी वही परत उघडायची आणि कुठे, कुणाबरोबर, काय झालं होतं ते लिहून घ्यायचं. सोडायची तारीख तीच ठेवायची, नवी काढायची नाही. दोन आठवड्यांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी वही पुन्हा पाहायची, आणि दर वेळी तीन बोटं तोंडात घालून बघायला सांगायचं.